ताडपत्रीचा फिरता बांध: दंडातले पाणी हवे तिथे, हवे तेवढे

दंडातले, म्हणजे शेतातल्या पाण्याच्या चरातले, पाणी वाफ्यात वळवायचे म्हणजे फावडे घ्यायचे, काठाची माती ओढायची, वर चगाळ नाहीतर माती भरलेली गोणी टाकायची आणि पायाने दाबायची. निफाड, चांदवड, येवला, दिंडोरीकडे कांद्याला बारे, म्हणजे पाणी, देताना आजही बहुतेक शिवारांत हेच चालते. एका बाऱ्याला ते खपून जाते. पण उन्हाळ कांद्याला लागवडीपासून काढणीपर्यंत दहा-बारा वेळा तरी पाणी द्यावे लागते, आणि प्रत्येक वेळी ती माती दंडाच्या काठातूनच निघते. हंगाम संपेपर्यंत दंड रुंद आणि उथळ झालेला असतो. पाणी शेवटच्या वाफ्यापर्यंत पोहोचायला उशीर लागतो, वाटेत जास्त मुरते आणि वाफ्यांची तोंडे खचून वीत-वीतभर मोठी होतात.

याला सोपा उपाय आहे, फिरता बांध. दंडावर आडवी टाकता येते अशी एक काठी, तिला बांधलेला ताडपत्रीचा तुकडा, आणि त्या तुकड्याच्या खालच्या काठाला वजन. पाण्याचाच जोर ताडपत्रीला दंडाच्या तळाला आणि कुशींना (बाजूच्या उतारांना) चिकटवून धरतो. काम झाले की गुंडाळायचा आणि पुढे न्यायचा. दुसरा प्रकार लोखंडी पत्र्याचा, मातीत दाबून बसवायचा. दोन्ही एका माणसाला उचलता येतात, दोन्ही घरी किंवा गावातल्या फॅब्रिकेशनवाल्याकडे होतात.

बनवण्याआधी एक गोष्ट पक्की समजून घ्या, कारण पुढची सगळी मापे तिच्यावर बेतलेली आहेत. हा बांध पाण्याची पातळी धरण्यासाठी आहे. दंडातली पातळी एकसारखी राहिली की प्रत्येक वाफ्याच्या तोंडातून एकसारखे पाणी जाते, आणि बारे देणाऱ्याला फावडे घेऊन पळावे लागत नाही. तोंडावरून पाच सेंटीमीटर पाणी वाहत असेल आणि ते आठ सेंटीमीटर झाले, तर वाफ्यात जाणारे पाणी दुप्पट होते. डोळ्यांना तीन सेंटीमीटरचा फरक दिसतही नाही. म्हणून ज्या बांधाला जास्तीचे पाणी पुढे सोडायची सोय नाही तो अर्धाच बांध आहे, मग कापड कितीही भारी असो.

कुठे घालायचा, कुठे नाही

तो फक्त आपल्या शेतातल्या दंडात घालायचा. विहिरीच्या मोटारीचे पाणी असेल तर प्रश्नच नाही. पाटाचे पाणी असेल तर आपल्या वाट्याचे पाणी आपल्या दंडात आल्यानंतरच. पालखेडचा कालवा असो, नांदूर मधमेश्वरवरून निघणारे गोदावरीचे डावे-उजवे कालवे असोत किंवा त्यांच्या चाऱ्या (कालव्याचे फाटे), तिथे परवानगीशिवाय प्रवाहाला अडथळा करणे महाराष्ट्र पाटबंधारे अधिनियम, १९७६ प्रमाणे गुन्हा आहे. कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी चारीत बांध घातला की खालच्या शेतकऱ्याचे पाणी तुटते, आणि आवर्तनाच्या दिवसांत गावात भांडणे याच कारणाने होतात.

पाणी वापर संस्था असेल तर संस्थेला विचारून, सगळ्यांना माहीत असेल अशा जागी आणि वेळी हे साधन वापरता येते. आपल्या नाशिक जिल्ह्याला ही शिस्त नवी नाही. बागलाणात मोसम आणि आरमच्या काठच्या फड पद्धतीत, म्हणजे गावाने मिळून पाळीने पाणी घेण्याच्या जुन्या पद्धतीत, पाणी देण्याचे काम पाटकरीच (गावाने नेमलेला माणूस) करत आला आहे. ओझरच्या परिसरात समाज परिवर्तन केंद्राच्या पुढाकाराने वाघाड धरणाच्या पाण्यावर संस्था उभ्या राहिल्या, त्याही पाणी मोजून आणि पाळीने घ्यायचे या तत्त्वावर. फिरता बांध अशा व्यवस्थेच्या उपयोगाचा आहे. तिला वळसा घालण्यासाठी तो कोणी वापरू नये.

आणखी एक कारण मोजमापाचे आहे. तळाला एक मीटर रुंद आणि साठ सेंटीमीटर खोल पाण्याच्या चारीत बांध घातला तर त्याच्यावर अडीचशे किलोच्या आसपास जोर येतो. तो काठी-ताडपत्रीचा खेळ राहत नाही. हा लेख तळाला साधारण फूटभर रुंद आणि गुडघ्याच्या आत खोल असलेल्या दंडांसाठी आहे.

आधी दंड मोजा

चार-पाच ठिकाणी मोजा आणि सगळ्यांत मोठे माप धरा. तळाची रुंदी, काठापासून तळापर्यंतची खोली आणि वरची रुंदी, एवढी तीनच मापे लागतात. पुढची सगळी आकडेमोड मी अशा दंडासाठी देतो: तळ ३० सेंटीमीटर, खोली ४५, कुशी पंचेचाळीस अंशांच्या, म्हणजे वरची रुंदी १२० सेंटीमीटर. आपला दंड लहान असेल तर त्याच हिशेबाने माप कमी करा.

अशा दंडात ३५ सेंटीमीटर पाणी उभे राहिले तर बांधावर सुमारे ३३ किलोचा जोर येतो. तेच पाणी ४५ सेंटीमीटर, म्हणजे काठोकाठ आले तर जोर ६१ किलोच्या आसपास जातो. दहा सेंटीमीटर पाण्याने जोर जवळजवळ दुप्पट. म्हणून वरचे दहा सेंटीमीटर नेहमी रिकामे ठेवायचे. काठ पाझरत नाही, काठी वाकत नाही, आणि मध्येच मोटारीचे पाणी वाढले तरी सावरायला वेळ मिळतो.

उतारही आत्ताच पाहून घ्या. गवंडी वापरतात ती पारदर्शक लेव्हल नळी घ्या, पाण्याने भरा, बुडबुडा राहू देऊ नका. दोन माणसे दंडाच्या तळावर वीस मीटर अंतरावर काठ्या उभ्या करून पाण्याची खूण करतील. दोन खुणांच्या तळापासूनच्या उंचीतला फरक म्हणजे वीस मीटरमधला उतार. हा आकडा वहीत लिहून ठेवा, बांध किती अंतरावर घालायचे ते त्यावरच ठरते.

ताडपत्रीचा बांध कसा करायचा

कापड कोणते, यावर थोडे सविस्तर लिहितो, कारण बहुतेकांच्या घरी शेततळ्याच्या कागदाचे तुकडे पडलेले असतात आणि हात आधी तिकडेच जातो. पाचशे मायक्रॉनचा तो कागद टिकाऊ आहे, पण ताठ आहे. दंडाच्या कोपऱ्यात तो बसत नाही, घडी उभी राहते आणि घडीखालून पाणी जाते. खोल पाण्यात दाबाने तो बसतो, वीतभर पाण्यात नाही. प्लास्टिकची विणलेली ताडपत्री, दर चौरस मीटरला दोनशे-अडीचशे ग्रॅम वजनाची, चांगली वाकते. जुने फ्लेक्स आणखी मऊ असतात आणि पाणी अजिबात सोडत नाहीत, पण उन्हात एक-दोन हंगामांत तडकतात. सुरुवात फ्लेक्सवर करा, माप जमले की ताडपत्री आणा. मेणकापड किंवा कॅनव्हास मिळाले तर सर्वांत उत्तम, फक्त वाळवून ठेवण्याची तयारी हवी.

माप: रुंदीला दोन मीटर, लांबीला १२० सेंटीमीटर. रुंदी दोन मीटर का, तर दंडाचा तळ आणि दोन कुशी मिळून १५७ सेंटीमीटर होतात, आणि दोन्ही बाजूंना वीस-वीस सेंटीमीटर कापड काठावर चढायला हवे. लांबीतले १५ सेंटीमीटर काठीला गुंडाळण्यात जातात, ४५ सेंटीमीटर खोलीत उतरतात आणि उरलेले ६० सेंटीमीटर तळावर पाणी येते त्या बाजूला पसरतात. हा पसरलेला पदर फार महत्त्वाचा. खोलीपेक्षा तो लहान ठेवू नका. पाणी खालून शिरायचे तर त्याला एवढे अंतर मातीतून झिरपत यावे लागते. पदर आखूड असला की थेट काठीखालची माती पोखरते. बारा बाय पंधरा फुटांच्या एका ताडपत्रीतून असे सहा तुकडे निघतात, तेव्हा शेजारी दोघे-तिघे मिळून ताडपत्री घेणे परवडते.

काठी १८० सेंटीमीटर लांब हवी, म्हणजे दोन्ही काठांवर तीस-तीस सेंटीमीटर टेकेल. मनगटाएवढा भरीव बांबू, बाभळीचा सरळ सोट किंवा चाळीस मिलिमीटरचा जीआय पाइप, तिन्ही चालतात. बांबूला खिळे ठोकू नका, तो चिरतो. कापडाची वरची कड एक फेरा गुंडाळा, वीत-वीतभर अंतरावर भोके पाडून लोखंडी तारेने आवळा. जिथे भोक पाडाल तिथे कापड दुहेरी करा.

ताडपत्री काठीवर ताणून बांधायची नाही. दोन मीटर कापड काठीच्या मधल्या दीड मीटरमध्ये बारीक चुण्या घालून बसवा. वर काठी सरळ आहे आणि खाली दंड खोलगट आहे, तेव्हा खालच्या कडेला जास्त कापड लागते. ताणून बांधलेला बांध दंडात झोळीसारखा अधांतरी राहतो आणि सगळे पाणी दोन्ही खालच्या कोपऱ्यांतून निघून जाते.

खालच्या कडेला वजन. लोखंडी सळई चालत नाही, ती सरळ राहते आणि कुशीवर वळत नाही. साखळी असेल तर उत्तम. नाहीतर सायकलची जुनी ट्यूब व्हॉल्व्हजवळ कापा, साधारण दोन मीटर लांबीची निघते. एक तोंड तारेने बांधून तिच्यात नरसाळ्याने कोरडी वाळू ठासून भरा आणि दुसरे तोंड बांधा. तीन किलोच्या आसपास वजन होते आणि ती हवी तशी वळते. कडेला तिच्यासाठी नेफा शिवून घ्या. शिलाई मोच्याकडून नायलॉनच्या दोऱ्याने दुहेरी करून घेतलेली बरी, घरच्या मशिनची शिलाई पाण्यात उसवते.

शेवटी दोन उभ्या पट्ट्या. दीड-दोन इंच रुंदीच्या लाकडी पट्ट्या, साठ सेंटीमीटर लांब, खाली टोकदार केलेल्या. काठीला एक तृतीयांश अंतरांवर, पाणी जाते त्या बाजूने बांधायच्या आणि टोके तळात वीतभर रोवायची. कापड फुगून पुढे ओघळू नये म्हणून या लागतात. लहान दंडाला एक पुरते.

बाही: जास्तीच्या पाण्याची वाट

कापडाच्या मधोमध, बांध बसल्यावर तळापासून साधारण पंधरा सेंटीमीटर उंचीवर येईल अशा जागी वीस सेंटीमीटर व्यासाचे गोल भोक कापा. त्याला त्याच ताडपत्रीची बाही शिवा: पाऊण मीटर रुंद पट्टी गोल शिवली की शिलाईची जागा धरून पुरते, लांबी पन्नास सेंटीमीटर. बाही पाणी जाते त्या बाजूला लोंबेल. तिच्या टोकाला एक दोरी बांधा आणि दोरी वर काठीला अडकवण्यासाठी काठीवर एक खिळा किंवा हूक ठेवा.

आता पाहा काय होते. बाहीचे तोंड दोरीने ज्या उंचीवर टांगाल, त्या उंचीपर्यंत दंडात पाणी चढते आणि त्यावरचे बाहीतून पुढच्या दंडात पडते. तोंड चार बोटे खाली घेतले की पातळी खाली, वर घेतले की वर. काठीपर्यंत आवळले की बाही बंद. वीस सेंटीमीटरच्या बाहीतून, तोंड पाण्याच्या पातळीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली असेल तर, सेकंदाला पंचवीस लिटरच्या आसपास पाणी जाते. म्हणजे जवळजवळ एक क्युसेक. क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर. पाटाचे पाणी अचानक वाढले, वरच्या शेतकऱ्याने आपले तोंड बंद केले, तरी बांध फुटणार नाही.

दोरीला गाठी मारून ठेवा. पहिली गाठ कांद्याच्या पातळीची, दुसरी गव्हाची, तिसरी पूर्ण बंद. अंधारातही हाताला गाठ कळते.

बांध घालण्याचा क्रम

1. जागा निवडा. ज्या वाफ्यांना पाणी द्यायचे त्यांच्यातल्या शेवटच्या तोंडापासून हातभर पुढे, दंड सरळ असेल तिथे. वळणावर घालू नका, बाहेरच्या कुशीवर पाणी आपटते.

2. मीटरभर लांबीतले गवत, काड्या, ढेकळे काढा. खालच्या कडेखाली एक ढेकूळ राहिले तरी तिथून पाणी सुटते. उंदराचे किंवा खेकड्याचे बीळ दिसले तर चिखलाने ठासून बंद करा आणि शक्यतो जागा बदला.

3. काठी आडवी ठेवा, दोन्ही टोके काठात थोडी दाबून बसवा. उभ्या पट्ट्या तळात रोवा.

4. वजनाची कड पाणी येते त्या दिशेने पसरा. आधी मधला भाग तळावर, मग दोन्ही बाजू कुशींवर चढवत न्या. कोपऱ्यात कापडाची घडी पडली तर ती हाताने चपटी करा.

5. कडेवर चार-पाच फावडी ओली माती टाका. एवढीच माती लागते, आणि ती दंडातला गाळच असू द्या, काठाची काढू नका.

6. पुढच्या बाजूला, बाहीचे पाणी जिथे पडेल तिथे एक रिकामी गोणी आणि तिच्यावर दोन दगड ठेवा. नाहीतर बाहीखाली खड्डा पडतो आणि पट्ट्यांची टोके सुटतात.

7. बाही पूर्ण उघडी ठेवून पाणी येऊ द्या. कापड बसले, कोपऱ्यांतून पाणी येत नाही असे दिसले की मगच बाही हळूहळू वर घ्या.

जमत असेल तर दंड कोरडा असतानाच घाला. वाहत्या पाण्यात घालायचा झाला तर कापड आधी भिजवून, गुंडाळी पाण्यात बुडवूनच उलगडा. वरून फेकलेली ताडपत्री प्रवाह उलटी करतो.

किती अंतरावर, किती बांध

इथे उताराचा आकडा कामी येतो. बांधाने पातळी २५ सेंटीमीटर उचलली आणि दंडाला शंभर मीटरला ५० सेंटीमीटर उतार असेल, तर त्या बांधाचा परिणाम मागे साधारण पन्नास मीटरपर्यंत जातो. उतार शंभर मीटरला २० सेंटीमीटर असेल तर सव्वाशे मीटरपर्यंत. पण प्रत्यक्षात एवढ्या लांबीतली सगळी तोंडे एकदम उघडू नयेत, कारण वरच्या टोकाला पातळी उचललेली नसतेच. निम्मी लांबी धरा. पन्नास मीटरला पंचवीस मीटर कामाचे.

बांध दोन ठेवा. एकाने काम अडते. पहिल्या बांधावर वाफे भरत असतानाच दुसरा पुढच्या जागी कोरड्या दंडात निवांत घालून घ्या. पहिल्याचे वाफे भरले की तो सोडायचा, तिथे साठलेले पाणी आपोआप दुसऱ्यावर जाते. वरच्या उदाहरणातल्या दंडात ३० सेंटीमीटर पाणी उभे केले तर पन्नास मीटरच्या पट्ट्यात साडेतीन हजार लिटरहून जास्त पाणी साठलेले असते, ते फुकट जाऊ नये. म्हणून वरून खाली या. शेवटच्या बांधावर आलात की मोटार थोडी आधी बंद करा, दंडातल्या साठ्यावरच शेवटचे वाफे भरतात.

वाफ्याची तोंडे आणि वक्रनळ्या

पातळी स्थिर झाली की खरा फायदा इथे मिळतो. तोंड फोडण्याऐवजी पाइपचे वाकवलेले तुकडे काठावरून टाकता येतात. पाणी वक्रनळीच्या तत्त्वाने काठ चढून वाफ्यात उतरते, काठाला हातही लागत नाही. आतला व्यास पन्नास मिलिमीटर असलेल्या तुकड्यातून, दंडातली पातळी वाफ्यातल्या तोंडापेक्षा (तोंड पाण्यात बुडाले असेल तर वाफ्यातल्या पाण्यापेक्षा) दहा सेंटीमीटर वर असेल तर सेकंदाला सुमारे १.६ लिटर पाणी जाते. चाळीस मिलिमीटरमधून एक लिटरच्या थोडे वर. पाच अश्वशक्तीची मोटार वीस मीटर उंचीवर सेकंदाला साधारण आठ-दहा लिटर पाणी देते, म्हणजे पन्नासच्या पाच-सहा नळ्या एकदम चालतील.

नळी सुरू करायची पद्धत: पूर्ण पाण्यात बुडवा, हवा जाऊ द्या, एका तोंडावर तळहात घट्ट दाबा, ते तोंड काठावरून पलीकडे न्या, पाण्याच्या पातळीखाली आले की हात काढा. आतले तोंड मात्र सतत पाण्याखाली हवे. पातळी खाली गेली की नळी हवा ओढते आणि बंद पडते. फिरता बांध नसलेल्या दंडात वक्रनळ्या वैताग देतात त्याचे कारण हेच.

आता हिशेब करून पाहा. दोन मीटर बाय दहा मीटरचा वाफा म्हणजे वीस चौरस मीटर. पन्नास मिलिमीटर पाणी द्यायचे तर एक हजार लिटर. सेकंदाला आठ लिटर पाणी एकाच वाफ्यात सोडले तर दोन मिनिटांत भरतो, पण एवढ्या लोटात नुकत्याच लावलेल्या रोपांची मुळे उघडी पडतात. तेच पाणी पाच नळ्यांनी पाच वाफ्यांत सोडले तर दहा-साडेदहा मिनिटे मिळतात. माती सावकाश भिजते आणि तुम्हाला पुढचा बांध घालायला वेळ मिळतो. कांद्याची मुळे वरच्या थरातच असतात, त्याला थोडे आणि एकसारखे पाणी मानवते.

पाटाच्या पाण्यासाठी एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे: एक क्युसेक पाणी एक तास एका एकरात सोडले तर शेतावर २५ मिलिमीटर, म्हणजे इंचभर पाणी उभे राहते. आपल्या पाळीचे तास आणि आपले एकर यावरून किती मिलिमीटर मिळतात ते आधीच काढून ठेवा.

पत्र्याचा बांध, आणि पाणी मोजायची खाच

लहान, अरुंद, मातीच्या दंडाला पत्रा बरा. सोळा गेजचा, म्हणजे सुमारे दीड मिलिमीटर जाडीचा पत्रा, ९० बाय ५० सेंटीमीटर. वजन साडेपाच किलोच्या आसपास. खालचे दोन कोपरे दंडाच्या कुशीप्रमाणे तिरपे कापा, खालची कड घासून धारदार करा, वरच्या कडेला अँगल वेल्ड करून दोन मुठी बसवा. तळात आणि कुशीत दहा सेंटीमीटर तरी रुतला पाहिजे. ओल्या मातीत पायाने दाबला तरी जातो, कोरड्या काळ्या मातीत नाही. तिथे घणाने ठोकू नका, पत्रा वाकतो. आधी फावड्याने चीर पाडा.

या पत्र्याला वर काटकोनी त्रिकोणी खाच कापून घेतली तर तो पाणी मोजायचे साधनही होतो. खाचेच्या खालच्या टोकापासून पाणी किती उंच आहे ते पाहायचे. पाच सेंटीमीटर असेल तर सेकंदाला ०.८ लिटर, आठला अडीच, दहाला ४.४, बाराला ६.९, पंधराला १२, अठराला १९ आणि वीसला सुमारे २४.७ लिटर. उंची खाचेत मोजायची नाही, तिथे पाणी झुकलेले असते. पाणी येते त्या बाजूला मीटरभर मागे एक खुंटी रोवा, तिचे टोक लेव्हल नळीने खाचेच्या टोकाबरोबर आणा आणि पट्टी त्या खुंटीवर धरा. खाचेतून पडणारे पाणी खाली मोकळे पडले पाहिजे. खालच्या दंडातले पाणी खाचेपर्यंत चढलेले असेल तर आकडा खोटा येतो.

मोटारीच्या मुखाजवळ एकदा आणि दंडाच्या शेवटी एकदा मोजा. दोन्हींतला फरक म्हणजे वाटेत मुरलेले पाणी. सिन्नरच्या मुरमाड जमिनीत हा फरक पाहून कित्येकांनी दंडाऐवजी पाइप टाकायचे ठरवावे, इतका तो असू शकतो.

काढताना

जास्तीत जास्त बांध फाटतात ते काढताना. भरलेल्या दंडात पदरावर चांगलेच पाण्याचे वजन असते. साठ बाय तीस सेंटीमीटरच्या पदरावर चाळीस सेंटीमीटर पाणी म्हणजे ७२ किलो. तो जोर लावून ओढला की शिलाई जाते, आणि काठी एकदम उचलली की पाण्याचा लोट पुढचा बांध घेऊन जातो.

आधी बाही पूर्ण खाली सोडा. पाणी वीतभर उतरू द्या. वजनाच्या कडेच्या एका कोपऱ्याला बनवतानाच एक दोरी बांधून काठीवर आणून ठेवलेली असावी. ती हळू ओढा, कोपरा उचलला जाईल आणि पाणी खालून निघू लागेल. दंड निम्मा रिकामा झाला की काठी उचला.

रात्रीचे बारे

शेतीची वीज आठवड्यातले काही दिवस रात्रीची असते, आणि निफाड, दिंडोरी, सिन्नरच्या ऊसपट्ट्यात रात्री बिबट्याची भीती खरी आहे. फिरत्या बांधाने हा धोका संपत नाही, कमी करता येतो. दोन्ही बांध उजेडातच घालून ठेवा, बाह्यांच्या दोऱ्या गाठीवर लावून ठेवा, वक्रनळ्या जागच्या जागी मांडून ठेवा. मग रात्री दंडाकाठी वाकून माती ओढण्याचे काम उरत नाही, उभ्याने दोरी सोडायची एवढेच. वाकलेला किंवा बसलेला माणूस बिबट्याला लहान जनावर वाटू शकतो, म्हणून ही उभ्याने करायची सोय मला फार मोलाची वाटते. तरी एकट्याने जाऊ नका. दोघे जा, बॅटरी आणि काठी हातात, मोबाइलवर गाणी लावून किंवा बोलत. आणि ओल्या हाताने स्टार्टरला हात लावू नका, रबरी चप्पल असली तरी.

जमिनीप्रमाणे काय बिघडते

काळ्या जमिनीत दोन बाऱ्यांच्या मध्ये दंडाला भेगा पडतात. बांध चांगला बसला तरी पाणी भेगेतून कापडाला वळसा घालून पुढे येते. तिथे बांध घालण्याआधी दंड एकदा ओला करून घ्यावा, किंवा कुशीतल्या भेगा चिखलाने सारवाव्यात. मुरमाड आणि वाळूसरीच्या जमिनीत उलट त्रास: बाजूने येत नाही, खालून पोखरते. तिथे पदर साठऐवजी नव्वद सेंटीमीटर ठेवा आणि पातळी कमी उचला. दिंडोरी-पेठकडच्या उताराच्या तांबड्या जमिनीत दंडाचा वेगच जास्त असतो, तेव्हा एक मोठा बांध घालण्यापेक्षा जवळजवळ दोन-तीन लहान बांध घालून पाणी पायऱ्यांनी उतरवावे.

कापडाच्या मधूनच पाणी झिरपत असेल तर घाबरू नका, पहिल्या बाऱ्यात गाळ बसून ते बरेच कमी होते. धार लागली असेल तर मात्र वरच्या बाजूने ओला गाळ पाण्यात कालवून सोडा, तो भोकाकडे ओढला जातो आणि धार मंदावते.

ठेवणे आणि दुरुस्ती

काम झाले की वाहत्या पाण्यात चिखल धुवून सावलीत वाळवा. उन्हात पसरून ठेवलेली ताडपत्री पाण्यापेक्षा उन्हानेच लवकर मरते. काठीभोवती सैल गुंडाळा, घड्या घालू नका, आणि गोठ्यात आढ्याला टांगा. जमिनीवर ठेवलेल्या गुंडाळीत उंदीर शिरतात आणि कुरतडलेल्या भोकांची ओळ सगळ्या पदरभर निघते. फ्लेक्सला ठिगळ पीव्हीसी चिकटवायच्या सोल्युशनने चिकटते, आधी पॉलिशपेपरने घासून घ्यावे. प्लास्टिकच्या ताडपत्रीला ते चिकटत नाही. तिथे दोन्ही बाजूंनी तुकडा लावून शिवून घ्यायचे, आणि ठिगळ पदरावर आले तर चालते, पण कोपऱ्यात आले तर तो तुकडा वाफ्याच्या तोंडाला लावायला ठेवून बांधासाठी नवा कापावा.